बेंग्त वेस्टरबेर्ग : सोफ्यावरून उठलेला नेता आणि त्याचे दोन कायदे

मेलारेनकाठी

स्वीडनबद्दल मराठीत काही वाचायला घेतलं की सोशल डेमोक्रॅट पक्षाचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचं नाव हमखास येतं. यायलाच हवं. पण इथे संसार थाटल्यावर रोजच्या जगण्यात ज्या दोन कायद्यांशी माझा सगळ्यात जास्त संबंध आला, ते दोन्ही पाल्मेंच्या पक्षाने आणलेले नाहीत. एक म्हणजे बापासाठी राखून ठेवलेली बालसंगोपन रजा. दुसरा म्हणजे गंभीर अपंगत्व असलेल्या माणसाचा स्वतःचे मदतनीस नेमण्याचा हक्क. दोन्हींच्या मागे बेंग्त वेस्टरबेर्ग उभे होते. एका लहान उदारमतवादी पक्षाचे नेते, आणि काळ असा की सरकारी तिजोरीत खडखडाट. या माणसाचं नाव स्वीडनबाहेर फारसं कोणाला ठाऊक नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

आधी पक्षाबद्दल थोडं. फोल्कपार्टिएट हा पक्ष १९३४ साली स्थापन झाला (२०१५ पासून त्याचं नाव लिबरलेर्ना). बेर्टिल ओलिन १९४४ ते १९६७ अशी २३ वर्षं त्याचे नेते होते. हे तेच ओलिन, ज्यांना आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कामासाठी १९७७ चं अर्थशास्त्राचं नोबेल जेम्स मीड यांच्याबरोबर मिळालं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सर्वपक्षीय सरकारात ते व्यापारमंत्रीही होते. त्यांच्या काळात, १९५२ मध्ये, पक्षाला २४.४ टक्के मतं पडली होती. मग उतरती कळा लागली. १९७८-७९ मध्ये ओला उल्स्टेन अवघ्या ३९ खासदारांच्या जोरावर वर्षभर पंतप्रधान राहिले खरे, पण १९८२ च्या निवडणुकीत पक्ष ५.९ टक्क्यांवर आला. संसदेत शिरायला किमान ४ टक्के लागतात. म्हणजे पाणी गळ्याशी आलं होतं.

अशा वेळी, १९८३ मध्ये, वेस्टरबेर्ग पक्षाध्यक्ष झाले. जन्म १९४३, गाव सॉदरटेल्ये, शिक्षण अर्थशास्त्राचं. तोवर ते पडद्यामागचे माणूस होते. बिगर-समाजवादी सरकारांच्या काळात उद्योग खात्यात आणि मग अर्थसंकल्प खात्यात राज्यसचिव, म्हणजे मंत्र्याच्या हाताखालचे राजकीय अधिकारी. आकडे तोंडपाठ, आवाज शांत, सभा गाजवण्याचं अंग नाही. अशा माणसाला दूरचित्रवाणीने उचलून धरलं. १९८५ च्या प्रचारात वादविवादांमध्ये समोरचा तावातावाने बोलत असताना हे थांबायचे आणि मग एकेक मुद्दा सुटा करून उत्तर द्यायचे. निकाल लागला तेव्हा पक्ष ५.९ वरून थेट १४.२ टक्क्यांवर गेला होता, २१ चे ५१ खासदार. वर्तमानपत्रांनी याला ‘वेस्टरबेर्ग परिणाम’ म्हटलं आणि तो शब्द स्वीडिश राजकारणात कायमचा रुजला.

पण ते मांडत काय होते? कमाईवरचा कर कमी करा, पाळणाघरं चालवायची मुभा खासगी संस्थांनाही द्या, हे एकीकडे. त्यामुळे अनेकांनी त्यांना ‘बाजारवाला’ ठरवून टाकलं. दुसरीकडे त्याच प्रचारात ते सांगत होते की दीर्घकालीन शुश्रूषेत असलेल्या म्हाताऱ्या माणसाला स्वतःची खोली मिळाली पाहिजे. चार-चार खाटांच्या खोल्यांत लोक आयुष्याची शेवटची वर्षं काढत होते. अमुक माणूस अनोळखी माणसांसमोर कपडे बदलतो, हा प्रश्न निवडणुकीच्या व्यासपीठावर आणणं मला फार मोलाचं वाटतं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामाचं सूत्र इथेच सापडतं. स्वातंत्र्य म्हणजे फक्त कर कमी आणि दुकानं जास्त, असं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही दार लावून घेता आलं पाहिजे.

१९९०-९१ ची करसुधारणा त्यांनी विरोधी बाकांवर बसून सोशल डेमोक्रॅट सरकारबरोबर केली. आयकराचा सर्वोच्च दर साधारण ५० टक्क्यांवर आणला, भांडवली उत्पन्नावर सरसकट ३० टक्के कर लावला आणि पळवाटा बुजवल्या. पक्षाला याचं श्रेय मतांत मिळालं नाही. १९८८ मध्ये १२.२ टक्के होते, १९९१ मध्ये ९.१.

आणि आता ती रात्र. १५ सप्टेंबर १९९१. निकाल येत होते, स्टुडिओत पक्षनेते सोफ्यावर बसले होते. त्या निवडणुकीत ‘नवी लोकशाही’ नावाचा अगदी नवा पक्ष ६.७ टक्के मतं घेऊन आला होता. काउंट आणि उद्योगपती इयान वाख्तमेइस्टर आणि करमणूक उद्यान चालवणारे, गाण्यांच्या तबकड्या काढणारे बर्ट कार्लसन यांचा पक्ष. सभेत बिअरचे रिकामे क्रेट एकावर एक रचून मतं मागायचे आणि निर्वासितांबद्दल जे बोलायचे ते इथे लिहावंसं वाटत नाही. हे दोघे स्टुडिओत येऊन सोफ्याकडे वळले तसे वेस्टरबेर्ग उठले आणि निघून गेले. आरडाओरडा नाही, भाषण नाही.

पुढे कार्ल बिल्ट यांच्या चार पक्षांच्या सरकारात ते समाजकल्याण मंत्री, उपपंतप्रधान आणि स्त्री-पुरुष समानतेचेही मंत्री झाले. १९९४ मध्ये पक्ष ७.२ टक्क्यांवर घसरला आणि त्यांनी नेतेपद सोडलं. मंत्री म्हणून मिळाली ती जेमतेम तीन वर्षं. त्या तीन वर्षांबद्दल इथे बोलू या. सोफ्याची चित्रफीत आजही फिरते, कायद्यांची आठवण कोणी काढत नाही.

चौकस

लेख आवडला, पण सोफ्याच्या प्रसंगावर माझा आक्षेप आहे. बिल्ट सरकारच्या चार पक्षांच्या मिळून जागा होत्या १७०. एकूण ३४९. म्हणजे बहुमताला ५ कमी. नव्या लोकशाहीचे २५ खासदार होते. मग त्यांच्याशिवाय सरकार टिकलं कसं? ज्यांच्याबरोबर सोफ्यावर बसायचं नाही त्यांच्या मतांवर तीन वर्षं खुर्चीत बसायचं, यात मला तत्त्व दिसत नाही. निवडणुकीत त्या पक्षाला मत देणारेही नागरिकच होते. त्यांच्या प्रतिनिधीसमोर बसून त्यांना खोडून काढणं हे जास्त अवघड काम होतं, आणि शांतपणे खोडून काढणं ही तर वेस्टरबेर्गांची खासियत. ती तिथेच वापरायची होती.

मेलारेनकाठी

चौकस, आक्षेप रास्त आहे, पण गणित नीट मांडू या. समोर सोशल डेमोक्रॅट १३८ आणि डावे १६, मिळून १५४. म्हणजे नव्या लोकशाहीने नुसतं तटस्थ राहायचं ठरवलं तरी सरकारचा ठराव १७० विरुद्ध १५४ असा पास. त्यांनी विरोधकांना साथ दिली तर सरकार पडणार. करार नाही, मंत्रिपद नाही, धोरणात वाटा नाही. तरीही दर महत्त्वाच्या मतदानाला जीव टांगणीला असायचाच, हे मान्य. पण १९९२ च्या सप्टेंबरमध्ये खरं संकट आलं तेव्हा सरकारने दार ठोठावलं ते इंग्वार कार्लसन यांचं, म्हणजे प्रमुख विरोधी पक्षाचं, आणि दोन बचत-करार त्यांच्याबरोबर केले. मला यात भूमिका दिसते.

दुसरं, उठून जाण्याने काही सुटलं असं माझं म्हणणं नाहीच. एक रेघ मात्र ओढली गेली. १९९४ ला तो पक्ष १.२ टक्क्यांवर आला आणि संसदेबाहेर गेला. हे त्या रेघेमुळे झालं असं मी म्हणणार नाही, त्यांचं आपापसातलं भांडण त्याला पुरेसं होतं.

हिशेबी

मी पेशाने वित्त क्षेत्रातला, त्यामुळे मला १९९२ शिवाय या माणसाकडे पाहताच येत नाही. स्वीडनचा क्रोन युरोपीय चलनाला बांधलेला होता. मालमत्तेचे भाव कोसळले, बँका बुडायला आल्या आणि सट्टेबाज क्रोनवर तुटून पडले. १६ सप्टेंबर १९९२ ला मध्यवर्ती बँकेने आपला व्याजदर ५०० टक्क्यांवर नेला. छपाईची चूक नाही, पाचशे. तरी १९ नोव्हेंबरला क्रोन मोकळा सोडावाच लागला. बेकारी दोन-अडीच वर्षांत २ टक्क्यांच्या आतून ८ च्या वर गेली, सरकारी तूट जीडीपीच्या १० टक्क्यांपलीकडे.

त्या वेळी अर्थमंत्री होत्या आन विब्ले. वेस्टरबेर्गांच्याच पक्षाच्या, स्वीडनच्या पहिल्या महिला अर्थमंत्री, आणि वर ज्यांचा उल्लेख आलाय त्या बेर्टिल ओलिन यांच्या कन्या. एकाच पक्षाचे दोन मंत्री. एकीच्या हातात कात्री आणि दुसऱ्याच्या खात्यात देशातला सगळ्यात मोठा खर्च. १ एप्रिल १९९३ पासून आजारपणाच्या पहिल्या दिवसाचा भत्ता बंद झाला तो याच समाजकल्याण मंत्र्याच्या काळात. कामगारांना तो फार झोंबला.

आणि त्याच वर्षी, त्याच मंत्र्याने अपंगांसाठी नवा, कायम स्वरूपाचा, खर्चाला वरची मर्यादा नसलेला हक्क आणला! यावर मी बरेच दिवस विचार करतोय. हिशेबी माणूस म्हणून सांगतो, सुरुवातीचा अंदाज चुकला. खर्च अपेक्षेच्या कितीतरी पट वाढत गेला आणि लाभार्थींची संख्या पुढे साधारण १६ हजारांपर्यंत पोचली. पुढच्या प्रत्येक सरकारला यावर डोकं खाजवावं लागलं. हक्क देताना तो पुढे कसा परवडणार हेही सांगणं मंत्र्याचं काम आहे.

रानजाई

हिशेबी, तुमचा मुद्दा डोक्याला पटतो. पण मी त्या कायद्याच्या आतून पाहिलंय, म्हणून लिहिते. उप्सालात शिकत असताना मी ‘पर्सनल असिस्टंट’ म्हणून काम केलं. इथे कितीतरी विद्यार्थी करतात. जिच्याकडे काम करायचे तिला स्नायूंचा आजार, मानेखाली हालचाल फारच थोडी, आणि नोकरी पूर्णवेळ.

सकाळी सहाला रात्रपाळीवालीकडून वही घ्यायची. त्यात रात्री किती वेळा कूस बदलली, काही दुखलं का, एवढंच लिहिलेलं. मग छताला बसवलेल्या रुळावरून सरकणाऱ्या उचलयंत्राने तिला पलंगावरून न्हाणीघरात न्यायचं. दात घासताना ब्रश कोणत्या बाजूने सुरू करायचा हेसुद्धा ती सांगायची, कारण दात तिचे. ऑफिसात मी तिच्या मागे दोन पावलं. पहिल्याच आठवड्यात बँकेतली बाई माझ्याकडे बघून बोलायला लागली, मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि ती शांतपणे म्हणाली, तू थांब. त्या दिवसापासून मला कामाचा अर्थ कळला. मी तिची पालक नव्हते, नर्सही नव्हते. तिचे हात होते. मला कामावर ठेवणारी आणि काढू शकणारी तीच होती.

ती सांगायची की कायदा येण्याआधी सगळी माणसं घरसेवेच्या वेळापत्रकावर जगत. कोण येणार माहीत नाही, कधी येणार माहीत नाही, रात्री आठला अंथरुणात घालणार म्हणजे आठलाच. नाटकाला जायचं असेल तर? जायचं नाही. हिशेबात हे कुठल्या रकान्यात धरायचं?

मेलारेनकाठी

रानजाई, फार छान लिहिलंत. यात एक नाव जोडते, कारण श्रेय एकट्या मंत्र्याचं नाही. आडोल्फ रात्स्का. जर्मनीत जन्म, किशोरवयात पोलिओ, कित्येक वर्षं रुग्णालयात. मग लॉस एंजेलिसला शिकायला गेले आणि तिथे स्वतः विद्यार्थ्यांना पगारावर ठेवून जगू लागले. पुढे स्वीडनमध्ये आले आणि पाहतात तो इतकं गाजलेलं कल्याणकारी राज्य, पण मदत हवी तर अमुक इमारतीतच राहा, कर्मचारी ठरवतील तेव्हा उठा. त्यांनी आणि साथीदारांनी १९८४ मध्ये स्टॉकहोमला ‘स्टिल’ ही सहकारी संस्था काढली. १९८७ पासून प्रयोग सुरू झाला. नगरपालिका घरसेवेवर जो पैसा खर्च करते तो आमच्या हातात द्या, माणसं आम्ही निवडतो.

सोशल डेमोक्रॅटांच्या काळातच अपंग धोरणावर चौकशी समिती नेमली गेली होती, तिचा अहवाल नव्या सरकारच्या टेबलावर आला. वेस्टरबेर्गांनी काय केलं, तर तो बासनात जाऊ दिला नाही. संकटाचं निमित्त आयतं होतं. ‘परिस्थिती सुधारली की बघू’ म्हणाले असते तर कोणीही दोष दिला नसता. कायदा १९९३ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९४ ला लागू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकार गेलं. एक वर्ष थांबले असते तर तो कायदा या रूपात झाला असता की नाही, मला शंका आहे.

नभा

मी पुण्याहून. माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे, वय आता चाळिशीकडे. आईबाबा थकलेत. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्ती’ अशी स्वतंत्र तरतूद आहे, पण महिन्याला मदतनिसाचा पगार कुठून यायचा हा प्रश्न घरचाच राहतो. तर कृपया कोणी सांगेल का, स्वीडनमध्ये प्रत्यक्षात हे चालतं कसं? तास कोण ठरवतं? पैसे कोण देतं? पैसे आईवडिलांच्या हातात जातात का?

रानजाई

नभाताई, मला माहीत आहे तेवढं सांगते.

आधी पाहतात ‘मूलभूत गरजा’. श्वास, अंघोळ-शौच, कपडे, जेवण, संवाद, आणि काही मानसिक किंवा वैद्यकीय कारणांनी लागणारी मदत. या गरजांना आठवड्याला २० तासांहून अधिक वेळ लागत असेल तर प्रकरण राज्याच्या सामाजिक विमा संस्थेकडे जातं. त्याहून कमी असेल तर नगरपालिका बघते. एकदा हा उंबरठा ओलांडला की बाकीचं जगणंही धरलं जातं. बाजार, प्रवास, नोकरी, छंद. तास मंजूर होतात आणि तासाला एक ठरलेला दर मिळतो. मग तुम्ही ठरवायचं, मालक कोण. नगरपालिका, सहकारी संस्था, खासगी कंपनी, किंवा तुम्ही स्वतः. घरचं माणूसही पगारी मदतनीस होऊ शकतं, बऱ्याच आया होतात. ते चांगलं की वाईट यावर इथे मतभेद आहेत. मुलाला घरापासून सुटं व्हायचं असेल तर आईच मदतनीस असणं अडचणीचं होतं, असं म्हणणारे आहेत.

अडचणीही सांगते. खासगी कंपन्यांचा नफा आणि खोटे तास दाखवून केलेली फसवणूक यांवर इथे वर्षानुवर्षं वाद चालू आहे, आणि दर वेळी त्याचा भार प्रामाणिक माणसांच्या फेरतपासणीवर येतो.

गोथेनबर्गकर

बापाच्या महिन्यावर कोणी बोललंच नाही अजून. मी मूळचा सांगलीचा, दोन मुलं इथेच झाली, दोन्ही वेळा रजा घेतली. पहिल्या वेळी माझ्या गावाकडच्या मंडळींना वाटलं नोकरी गेली! आज इथे एकूण ४८० दिवस मिळतात, त्यातले ९० दिवस आईचे आणि ९० बापाचे, एकमेकांना देता येत नाहीत. घेतले नाहीत तर वाया.

मंगळवारी सकाळी खुल्या बालवाडीत जायचो. मुलांना मांडीवर घेऊन गोलात बसायचं, गाणी म्हणायची, मग कॉफी. गोलात निम्मे बाप. कोणाच्या मुलाला दात येतायत, कोण रात्रभर जागलाय, याच गप्पा. माझ्या वडिलांना मी तापात असताना कोणतं औषध चालतं हे माहीत नव्हतं. त्यांचा दोष नाही, त्यांना ती संधीच कोणी दिली नाही. माझ्या मुलीला खोकल्याच्या आवाजावरून काय झालंय ते मला कळतं. याचे आभार कोणाचे मानायचे ते आज समजलं.

हिशेबी

या मुद्द्यावर मी मेलारेनकाठींच्या बाजूने आहे, आणि यात राजकारणाचा जो डाव आहे तो सांगण्यासारखा आहे.

आईबाप दोघांनाही घेता येईल अशी रजा स्वीडनमध्ये १९७४ पासून होती. सरकारने जाहिरातीही केल्या. एका भित्तिचित्रावर लेनार्ट डालग्रेन नावाचा धिप्पाड वेटलिफ्टर हातात बाळ घेऊन उभा. लोकांनी चित्राचं कौतुक केलं, बाप काही घरी बसले नाहीत. मुभा होती पण ऑफिसात साहेबाला विचारायला लाज वाटायची. वेस्टरबेर्गांचं म्हणणं असं की एक महिना बापाच्या नावावरच ठेवा, म्हणजे मागायची गरज उरणार नाही.

उदारमतवादी नेत्याने कुटुंबाच्या आतला निर्णय कायद्याने वळवावा, यावर त्यांच्याच गोटात नाराजी होती. बिल्ट यांच्या पक्षाला हे नको होतं. सरकारातल्याच ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाला हवा होता घरी मूल सांभाळणाऱ्यांसाठी मासिक भत्ता, जो वेस्टरबेर्गांना पसंत नव्हता, कारण तो घेणार बायकाच आणि त्या नोकरीपासून लांब जाणार. शेवटी देवाणघेवाण झाली. तुमचा भत्ता घ्या, आमचा महिना द्या. भत्ता (महिन्याला २००० क्रोन) १ जुलै १९९४ ला सुरू झाला. सप्टेंबरात सोशल डेमोक्रॅट जिंकले आणि वर्ष संपायच्या आत त्यांनी भत्ता गुंडाळला. बापाचा महिना मात्र ठेवला. १ जानेवारी १९९५ पासून जन्मलेल्या बाळांना तो लागू झाला, २००२ मध्ये दुसरा महिना जोडला गेला, २०१६ मध्ये तिसरा. दिलं ते सहा महिन्यांत गेलं, मिळवलं ते एकवीस वर्षांत तिप्पट झालं. तडजोडीचा इतका चांगला सौदा मी फार थोड्या वेळा पाहिलाय.

चौकस

परिणाम काय झाला त्याचा अभ्यास आहे का? की नुसतं छान वाटतं म्हणून?

हिशेबी

आहे. तारीख ठरलेली असल्यामुळे अर्थतज्ज्ञांना आयताच प्रयोग मिळाला. डिसेंबर १९९४ मध्ये जन्मलेलं बाळ आणि जानेवारी १९९५ मध्ये जन्मलेलं बाळ, घरं सारखीच, नियम वेगळे. आधीच्या गटात निम्म्याहून जास्त बाप एकही दिवस रजा घेत नव्हते. नंतरच्या गटात हे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या खाली आलं. त्याच अभ्यासात हेही दिसलं की पुढे मूल आजारी पडल्यावर घरी कोण थांबतं, यात मात्र त्या एका महिन्याने लक्षणीय फरक पडला नाही. तिथे आईच जास्त थांबत राहिली. एका महिन्याने सवय सुरू होते, संसार उलटापालटा होत नाही.

चौकस

धन्यवाद, हे उत्तर आवडलं. आता माझा शेवटचा प्रश्न, आणि तो आजच्या पक्षाबद्दल आहे. २०२२ च्या निवडणुकीत लिबरलेर्नाला ४.६ टक्के मिळाले, ४ च्या उंबरठ्याला अगदी खेटून. आणि ऑक्टोबर २०२२ च्या तिदॉ करारात (सरकारी धोरणांवरचा चार पक्षांचा करार) ते स्वीडन डेमोक्रॅट या स्थलांतरविरोधी पक्षाबरोबर सही करून सरकारात गेले. सरकारची धोरणं त्या पक्षाबरोबर बसून ठरली. ज्या पक्षाचा नेता सोफ्यावरून उठला तोच पक्ष टेबलाशी बसला. मग उठून जाण्याचं मोल किती उरलं?

मेलारेनकाठी

हे दुखतं, लपवत नाही. वेस्टरबेर्गांनी स्वतः आपल्या पक्षाच्या या वाटचालीवर जाहीर टीका केली आहे. माझं मत असं, की पक्ष ४ टक्क्यांच्या उंबरठ्याजवळ आला की त्याचा प्रत्येक निर्णय जिवंत राहण्याभोवती फिरू लागतो. १९८२ मध्येही तीच अवस्था होती. तेव्हा वेस्टरबेर्गांनी पक्षाला सांगायला काहीतरी वेगळं दिलं. त्यांच्यानंतर पक्षाचे नेते झाले मारिया लाइस्नर, लार्स लेइयोनबोरी, यान ब्योर्क्लुंड, न्यामको साबुनी, योहान पेर्सोन, आणि २०२५ पासून सिमोना मोहम्सोन. यातल्या काहींनी मतं वाढवलीही. २००२ मध्ये लेइयोनबोरींनी १३ टक्क्यांच्या वर नेलं, पण नागरिकत्वासाठी भाषेच्या परीक्षेचा मुद्दा पुढे करून. ती वाट वेगळी होती.

आणि त्यांच्याबद्दल सगळं गोडच लिहायचं नाही. २००५ ते २०११ ते स्वीडिश रेडक्रॉसचे अध्यक्ष होते. त्या काळात संस्थेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने पैशांची अफरातफर केल्याचं उघडकीला आलं, आणि अध्यक्ष म्हणून वेस्टरबेर्ग घेत असलेल्या मानधनावर देणगीदार आणि स्वयंसेवक चिडले. डबे हलवून थंडीत पैसे गोळा करणाऱ्या माणसाला ते मानधन जास्त वाटलं, आणि मला त्या माणसाचं बरोबर वाटतं. त्यांचा कुटुंबवैद्याचा कायदाही टिकला नाही. प्रत्येक माणसाचा एक ठरलेला डॉक्टर असावा ही कल्पना १९९४ ला कायद्यात आली आणि पुढच्या सरकारने ती रद्द केली. आज इथे प्राथमिक दवाखान्यात दर वेळी नवा डॉक्टर समोर येतो तेव्हा मला त्या कायद्याची हळहळ वाटते.

नभा

रानजाई, सविस्तर उत्तराबद्दल खूप आभार. भावाला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, हा हक्क सरकार बदललं तरी राहतो का?

रानजाई

नभाताई, त्याला सांगा, राहतो, पण राखावा लागतो. २००९ मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ‘मूलभूत गरजा’ची व्याख्या अरुंद केली. चमचा तोंडापर्यंत नेणं धरायचं, पण त्याआधी ताट वाढणं नाही, असल्या मोजमापाने मिनिटं कापली गेली आणि २० तासांचा उंबरठा अनेकांच्या हातून निसटला. श्वास घ्यायला मदत लागणाऱ्या मुलांचे तास गेले. आईबाप, संघटना, स्वतः वापरकर्ते रस्त्यावर उतरले. शेवटी संसदेने कायदा बदलला. १ नोव्हेंबर २०१९ पासून श्वासासाठीची मदत पूर्ण वेळ धरली जाते, आणि जुलै २०२० पासून नळीने अन्न देण्याचंही तसंच. या सगळ्या वर्षांत वेस्टरबेर्ग कोणत्याही पदावर नसताना त्या कायद्याच्या बाजूने लिहीत-बोलत राहिले. तुमच्या भावाला आणखी काही विचारायचं असेल तर त्यालाच इथे लिहू द्या, मी उत्तर देईन.